कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधले बारके भाग खरंच लागतात का? महाड-पोलादपुरात उत्तर थोडं वेगळं

महाड : नवा डेस्कटॉप असेंबल करून घेताना रिकाम्या कॅबिनेटच्या आत एक छोटी प्लास्टिकची पुडी निघते. तिच्यात दोन-तीन जातींचे स्क्रू, मूठभर पितळी स्टड, दोन-चार प्लास्टिकचे बंद आणि नशीब असेल तर बटणाएवढा एक बझर असतो. प्रोसेसर कुठला, रॅम किती, एसएसडी किती जीबीची यावर तासभर घासाघीस करणारं गिऱ्हाईक या पुडीकडे ढुंकूनही बघत नाही. चार स्क्रू लागतात, बाकीची पुडी खोक्याबरोबर माळ्यावर जाते.

मग सहा महिन्यांनी हार्डडिस्क बदलायची वेळ येते आणि स्क्रू सापडत नाही. मुंबईत राहणारा माणूस लॅमिंग्टन रोडला जाऊन तासाभरात घेऊन येईल. पोलादपूर तालुक्यातल्या वाडीवरच्या माणसाला आधी पोलादपूर, तिथे मिळालं नाही तर वीसेक किलोमीटरवरचं महाड, आणि तिथेही नाही मिळालं तर मुंबई किंवा पुण्याहून येणाऱ्या कुणाची तरी वाट बघणं आलं. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला की पुण्याची वाटही लांबते. तोवर दाखले काढून देणारं सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान एका स्क्रूपायी अडून बसतं.

सगळे बारके भाग सारखे महत्त्वाचे नसतात, हे आधीच सांगायला हवं. काही नसले तरी वर्षानुवर्षं काही होत नाही. काही मात्र असे आहेत की ते चुकले तर पहिल्या दिवशीच मदरबोर्ड जातो. आणि काही भाग असे, की पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत ते नसले तरी चालून जातं, पण महाड-पोलादपूरच्या पावसात, पालींच्या नि मुंग्यांच्या राज्यात चालत नाही.

मदरबोर्डखालचे पितळी स्टड

सगळ्यात जास्त नुकसान करणारा भाग सगळ्यात स्वस्त आहे. मदरबोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये साधारण सहा-साडेसहा मिलिमीटर उंचीचे पितळी स्टड लागतात. बोर्डाच्या मागच्या बाजूला शेकडो सोल्डरचे टोकदार ठिपके असतात. ते पत्र्याला टेकले तर शॉर्ट. म्हणून हे अंतर.

स्टड विसरून बोर्ड थेट पत्र्यावर आवळणारे कमीच. नेहमी होणारी चूक वेगळी आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला लहान-मोठ्या सगळ्या बोर्डांसाठी भोकं असतात. जुन्या कॅबिनेटमध्ये आधीच्या मोठ्या बोर्डाचे स्टड तसेच राहिलेले असतात. त्यावर नवा छोटा बोर्ड बसवला की एखादा स्टड बोर्डाच्या भोकाखाली न येता मधेच, भलत्याच जागी, सोल्डरच्या ठिपक्यांना टेकतो. वरून काहीच दिसत नाही. बटण दाबलं की पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो, किंवा काहीच होत नाही. एसएमपीएसमधलं संरक्षण जागं झालं तर बोर्ड वाचतो. नाही झालं तर नवा बोर्ड आणावा लागतो, आणि तो वॉरंटीतही बसेलच असं नाही.

यावर घरच्या घरी करण्यासारखी तपासणी आहे. बोर्ड बसवण्याआधी त्याच्यावरची भोकं मोजायची. मायक्रो-एटीएक्स बोर्डाला सहसा सहा ते आठ, मोठ्या एटीएक्स बोर्डाला सहसा नऊ. तेवढेच आणि त्याच जागी स्टड ठेवायचे, जास्तीचे काढून पुडीत टाकायचे. बोर्ड बसवल्यावर चालूच होत नसेल तर तो बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करून बघायचा. खोक्यावर चालतो आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, म्हणजे दोष बहुतेक स्टडचा.

उलटी चूकही महागात पडते. स्टड कमी असले तर बोर्डाचा तो कोपरा अधांतरी राहतो. रॅम बसवताना किंवा एसएमपीएसचा चोवीस पिनांचा जाड कनेक्टर दाबताना चांगलाच जोर लावावा लागतो, तेव्हा बोर्ड खाली वाकतो. सोल्डरला केसाएवढी चीर पडली तर मशीन कधी चालतं, कधी नाही. हा दोष शोधता शोधता मेकॅनिक आणि मालक दोघेही कंटाळतात. हल्लीच्या स्वस्त बोर्डांची रुंदी कमी असल्याने रॅमकडच्या कडेखाली भोकंच नसतात. अशा बोर्डात रॅम आधी टेबलावर बसवून घ्यावी, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवावा.

जुने मेकॅनिक स्क्रूखाली लाल फायबरचे वॉशर घालायचे. आता त्याची गरज नाही. बोर्डाच्या भोकाभोवती जी चंदेरी कडी असते ती मुद्दाम ठेवलेली असते. तिथून बोर्डाचं अर्थिंग कॅबिनेटला मिळतं.

आटे वेगळे, स्क्रू वेगळा

पुडीतले स्क्रू दिसायला जवळपास सारखे, पण त्यांचे आटे दोन मापांचे. एक बारीक आट्यांचा, मिलिमीटरच्या हिशेबातला, त्याला एम-३ म्हणतात. दुसरा थोडा जाड, ठळक आट्यांचा, इंचाच्या हिशेबातला. त्याच्यावर एका इंचात ३२ आटे असतात. बारीक आट्यांचा स्क्रू अडीच इंची एसएसडीला आणि डीव्हीडी ड्राइव्हला लागतो. जाड आट्यांचा साडेतीन इंची हार्डडिस्कला, एसएमपीएसला आणि कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला. मदरबोर्डाच्या स्टडला कुठला लागेल ते कॅबिनेट बनवणाऱ्यावर आहे. कुणी बारीक ठेवतो, कुणी जाड. कॅबिनेटच्या पंख्याचे स्क्रू तिसरेच, स्वतःच प्लास्टिकमध्ये आटे पाडत जाणारे.

चुकीचा स्क्रू जोर लावून फिरवला की आटे मरतात. एसएसडीच्या प्लास्टिकच्या किंवा पातळ पत्र्याच्या खोक्यात एकदा आटे मेले की तो कोपरा कायमचा सुटा. ओळखायची खूण सोपी आहे. बरोबर स्क्रू पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच घेतो. बोटांनी अडला तर पेचकस लावायचा नाही, दुसरा स्क्रू घ्यायचा.

या सगळ्यात छळणारा स्क्रू म्हणजे एम-टू एसएसडीचा, गव्हाच्या दाण्याहून बारका. तो कॅबिनेटच्या पुडीत नसतो, मदरबोर्डाच्या खोक्यात एका वेगळ्या इवल्याशा पिशवीत येतो आणि खोकं उलटं केलं की हरवतो. तो नसला तर एसएसडी एका टोकाने वर उचललेली राहते. बरेच जण चिकटपट्टी लावून काम भागवतात. उन्हाळ्यात गरम झाली की चिकटपट्टी सुटते. मोबाइल किंवा लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याकडे भंगार लॅपटॉपमधून काढलेले दोन मिलिमीटरचे स्क्रू बहुधा मिळतात. मुंबईची वाट बघण्याआधी तिथे विचारावं.

झिणझिण्या येतात त्या कशाने

पावसाळ्यात अनवाणी पायाने ओल्या लादीवर उभं राहून कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, हा अनुभव या भागात नवा नाही. ‘थोडा करंट मारतो, पण चालतंय’ असं म्हणून लोक पुढे कामाला लागतात.

त्यामागचं कारण असं. एसएमपीएसच्या आत विजेच्या दोन्ही तारांपासून बाहेरच्या धातूच्या खोक्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. विजेतली खरखर त्यांनी अर्थिंगमध्ये सोडून द्यायची असते. अर्थिंगच नसेल तर ते खोकं मधल्यामध्ये लोंबकळतं आणि त्यावर निम्म्या दाबाची, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास वीज येते. प्रवाह अगदी कमी असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण आतला एखादा भाग बिघडून पूर्ण दाब खोक्यावर आला, तर त्याला जायला दुसरी वाट नसते. हात लावणारा माणूसच वाट होतो.

आता यात बारक्या भागाचा संबंध कुठे? एसएमपीएसला मागून जे चार स्क्रू असतात, ते फक्त वजन धरायला नाहीत. भिंतीतल्या प्लगपासून आलेलं अर्थिंग एसएमपीएसच्या पत्र्याला येतं आणि तिथून याच स्क्रूंच्या वाटेने कॅबिनेटच्या पत्र्याला मिळतं. चारातले दोनच लावलेत, तेही रंगावर सैल बसलेत किंवा गंजलेत, तर ही वाट कच्ची राहते. बोर्डाच्या काळ्या तारांतून आणि स्टडवरच्या स्क्रूंतून दुसरी वाट असते, पण जीव वाचवायचं काम तिच्यावर सोपवणं बरं नाही. चारही स्क्रू, नीट आवळलेले, आणि रंग जाड असेल तर भोकाभोवती थोडा खरवडलेला. एवढं केलं की झालं.

अर्थात भिंतीतच अर्थिंग नसेल तर स्क्रू काय करणार? दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून वायरची वरची जाड पिन मोडलेली असते, असं कितीतरी घरांत दिसतं. ती वायर बदलायला हवी. पोलादपूरच्या डोंगरभागात खाली कातळ असल्याने अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये माती सुकली की अर्थिंग आणखी कमजोर होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायची जुनी पद्धत म्हणूनच आहे. वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घेणं उत्तम.

पाल, कुंभारीण आणि मागची उघडी खाच

कॅबिनेटच्या मागे पत्र्याच्या आडव्या पट्ट्या असतात. ग्राफिक्स कार्ड किंवा दुसरं एखादं कार्ड लावताना त्यातली एक काढतात. स्वस्त कॅबिनेटमध्ये या पट्ट्या पत्र्यातच अर्धवट कापलेल्या असतात. हलवून हलवून एकदा मोडली की परत बसत नाही. पुढे कार्ड काढून टाकलं तरी बोटाच्या रुंदीची, चार इंच लांब खाच कायमची उघडी राहते. तसंच मदरबोर्डाच्या यूएसबी आणि साउंडच्या खाचांभोवती बसणारी चौकोनी पातळ प्लेट. ती बोर्डाच्या खोक्यात येते, बोर्ड बसवण्याच्या आधी लावावी लागते, आणि विसरली की पुन्हा सगळं उसवायचं म्हणून तशीच सोडून देतात. जुन्या बोर्डाची प्लेट नव्याला बसत नाही, कारण खाचांची जागा प्रत्येक बोर्डात वेगळी.

एक पट्टी नसल्याने मशीन तापतं का, असा प्रश्न विचारला जातो. साध्या ऑफिसच्या कामात तापमानात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. त्यामुळे शहरातले जाणकार ‘काही फरक पडत नाही’ म्हणतात, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. इथली गोष्ट निराळी. आतल्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते. पावसाळ्यात आत ऊब असते म्हणून ती तिथेच मुक्काम करते. एसएमपीएसच्या आत २३० व्होल्टची वीज एकदिश होऊन सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जाते. तिथे पाल चिकटली की पालही जाते आणि एसएमपीएसही. मुंग्या स्लॉटमध्ये अंडी आणून ठेवतात. कुंभारीण माशी तर अशी खाच शोधतच असते. मार्च-एप्रिलमध्ये दोन आठवडे मशीन बंद राहिलं तर मागच्या पोर्टमध्ये चिखलाचं घरटं तयार. लहान उंदराला मागची खाच पुरते, आणि पुढच्या बाजूला डीव्हीडी ड्राइव्हचं झाकण नसेल तर तो राजरस्ताच.

म्हणून महाड-पोलादपुरात या पट्ट्या आणि ही प्लेट म्हणजे घराच्या खिडक्यांची झडप. स्क्रूने बसणारी सुटी पट्टी मोठ्या दुकानात मिळते, जुन्या कॅबिनेटमधूनही काढता येते. नाहीच मिळाली तर बाहेरून पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा तुकडा दोन्ही बाजूंनी नीट अडकवावा. पत्रा आत घसरून बोर्डावर पडणार नाही याची खात्री करावी. कागद किंवा पुठ्ठा पावसाळ्यात ओल धरतो, तो नको.

हवेच्या वाटा मात्र बंद करायच्या नाहीत. पंख्यांच्या जाळीवर मच्छरदाणीचं बारीक कापड लावलं तर पाल आणि महामार्गाची लाल धूळ दोन्ही अडतात, पण तेच कापड तीन आठवड्यांत धुळीने भरतं आणि हवा कोंडते. लावलं तर दर पंधरवड्याला झटकायलाच हवं. ते जमणार नसेल तर कापड न लावलेलं बरं. एसएमपीएस उघडून आतली मेलेली पाल काढायचा उद्योग घरी कुणी करू नये. वायर काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही काळ भरलेला राहतो.

खालचे रबरी पायही याच कामाचे. नव्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला असतो आणि खालून हवा ओढतो. एक पाय तुटला की कॅबिनेट कलतं, दोन तुटले की तळ लादीला टेकतो, हवा बंद आणि जून-जुलैत घामेजलेल्या लादीची ओल थेट पत्र्याला. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. स्वस्त पत्र्याच्या कापलेल्या कडांवर मुलामा नसतो, गंज तिथूनच धरतो. रबरी पाय मिळाले नाहीत तर लाकडी पाट किंवा स्टूल चालेल, फक्त तळाची जाळी मोकळी राहिली पाहिजे. आणि पावसाळ्यात मशीन रोज तासभर तरी चालू ठेवावं. आतली ऊब ओल घालवते.

जे नसलं तरी चालतं

झाकणाच्या दोन स्क्रूंपैकी एक नसेल तर झोप उडवून घेऊ नये. हार्डडिस्कचा दिवा पेटत नाही, त्याची वायर उलटी लागली असेल. लावली नाही तरी काम अडत नाही. प्लास्टिकचे बंद नसतील तर सुतळी चालते, वायर पंख्यात जाणार नाही एवढं बघायचं. रंगीत दिव्यांचे पंखे हा तर निव्वळ हौसेचा मामला. चालू करायचं बटण खराब झालं तर नवं कॅबिनेट घ्यायची गरज नाही. रीसेट बटणाची वायर बोर्डावर पॉवरच्या पिनांना लावली की तेच बटण चालू-बंदचं काम करतं.

बझरचं तसं नाही. तो फुकटचा वाटणारा भाग खेड्यात शहरापेक्षा जास्त उपयोगी आहे. मशीन चालू होतं पण पडद्यावर काही येत नाही, अशा वेळी बोर्ड ठरावीक पद्धतीने शिट्ट्या देतो. रॅम नीट बसली नसेल तर एक प्रकार, ग्राफिक्सचा दोष असेल तर दुसरा. प्रत्येक कंपनीच्या शिट्ट्या वेगळ्या, त्यामुळे पाठ करण्यात अर्थ नाही. पण पोलादपूरच्या आतल्या गावातून महाडच्या मेकॅनिकला फोन लावून त्या ऐकवता येतात. रॅम काढून, पुसून परत बसवण्याने काम होणार असेल तर तो फोनवरच सांगतो. मशीन एसटीत घालून महाडला न्यायची खेप वाचते. हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये बझर येत नाही. दुकानात मागून घ्यावा.

जुनं मशीन घेताना हेच भाग बघा

मुंबई-पुण्याच्या कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप या भागात बरेच येतात. पैशाला ते परवडतात. पण त्यांचे स्क्रू, हार्डडिस्क अडकवायचे प्लास्टिकचे साचे, पुढच्या बटणाचा कनेक्टर, कधी कधी एसएमपीएसचं मापही त्याच कंपनीचं असतं. साध्या कॅबिनेटच्या पुडीतलं काहीच त्यांना बसत नाही. त्यामुळे त्यांचे बारके भाग जागेवर आहेत का हे पैसे देण्याआधीच बघावं लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजल्यावरची दुकानं आणि कार्यालयं बुडाली. पूर कुठल्याही गावचा असो, पाण्यात गेलेलं मशीन वाळवून, पुसून काही दिवस चालवता येतं आणि विकताही येतं. बाहेरचा पत्रा पुसला की चकचकीत दिसतो. बारके भाग मात्र लपवत नाहीत. झाकण काढून स्क्रूंच्या डोक्यातली फुली बघावी. तिच्यात वाळलेला बारीक गाळ पांढरट-तांबूस दिसतो, तो ब्रशने सहज निघत नाही. एक पितळी स्टड काढून त्याच्या आट्यांत माती आहे का ते बघावं. मागच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एका पातळीपर्यंत गंज आणि त्यावर स्वच्छ पत्रा असेल, तर ती पाण्याची रेघ समजावी. समुद्राच्या हवेने किंवा ओलीने आलेला गंज सगळीकडे ठिपक्याठिपक्यांनी असतो, त्याला अशी सरळ रेघ नसते. एसएमपीएसच्या जाळीतून मोबाइलची बॅटरी मारून तळाशी गाळाचा थर आहे का हेही दिसतं. काही स्क्रू नवे चकचकीत आणि काही काळवंडलेले असतील तर ते का बदलले, असं सरळ विचारावं. झाकण उघडू द्यायला विकणारा तयार नसेल, तर ते मशीन तिथेच ठेवून निघालेलं बरं.